घरचा डाव छापण्याआधी

या सदरात आपण बहुतेक वेळा वाण, खते, फवारणी आणि पाण्याच्या पाळ्या यांवर बोलतो. आज विषय जरा वेगळा आहे, पण शेतीपासून फार लांबचा नाही. मागच्या महिन्यात एका वाचक भगिनीचे पत्र आले. त्यांनी आणि त्यांच्या दोन मुलांनी मिळून दूधदुभत्यावर पत्त्यांचा एक खेळ तयार केला आहे. गाय, म्हैस, वैरण, सरकी पेंड, डेअरीचा भाव असे सारे पत्ते मुलांनी जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर रंगवले. घरच्यांना खेळ आवडला, पाहुण्यांनी वाहवा केली. आता छापखान्यातून हजार संचांचा अंदाज आणला आहे आणि त्यासाठी बचत गटाकडून कर्ज घ्यायचा विचार आहे. शेवटी विचारतात, “भाऊ, छापू का?”

ताई, याचे उत्तर मी पत्राने दिलेच आहे. परंतु इतर घरांतूनही असे बेत चालू असतील, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. शिवाय या बाबतीत मी एकदा चांगलाच ठेचाळलो आहे, आणि ती ठेच माझ्या पैशाला नव्हे, दुसऱ्यांच्या पैशाला लागली होती. तेही सांगितले पाहिजे.

आधी एक शंका दूर करतो. आपल्याकडे घरात पत्त्यांचे नाव काढले की आई-आजीच्या कपाळाला आठी पडते. त्यांचेही खरे आहे. पाराखाली बसून पेरणीचे पैसे घालवलेली माणसे त्यांनी पाहिली आहेत. पैसे लावून खेळला तो जुगार, त्यासाठी १८८७ सालापासून कायदा आहे आणि त्याबद्दल मला काही बोलायचे नाही. मात्र पुठ्ठ्याच्या तुकड्याने कोणाचे वाटोळे केलेले नाही, वाटोळे केले ते लावलेल्या पैशाने. घरात चिंचोके लावून खेळा, संध्याकाळ बरी जाते आणि लेकरे मोबाइल खाली ठेवतात.

आता माझी हकिकत ऐका.

पूर्णा तालुक्यातल्या एका गावात आमची शेतीशाळा चालू होती. शेतीशाळेत आपण प्लॉटवर उभे राहून बोलतो, पण पावसाने उघडीप दिली नाही की मंडळी समाजमंदिरात बसून जांभया देतात. माझ्या मनात आले, पीक नियोजनाचा एक खेळ केला तर? पुठ्ठे कापले. कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी आणि हळद या पाच पिकांचे प्रत्येकी १० असे ५० पत्ते केले आणि हवामानाचे १०. एकूण ६०. हातात येतील ते पत्ते आपल्या तुकड्यात लावायचे, एका पिकाचे तीन जमले की काढणी करायची आणि चिंचोके घ्यायचे. कापसाला पत्त्यामागे ८ चिंचोके, बाकी पिकांना ४. हवामानाचा पत्ता आला की एक पाळी चुकायची. खेळाचे नाव ठेवले ‘वाफसा’.

समाजमंदिरात खेळ रंगला. हशा झाला, टाळ्या झाल्या. गावातल्या महिला बचत गटाच्या अध्यक्षाबाई म्हणाल्या, “साहेब, हे आपण छापू. शाळा घेतील, यात्रेत विकू.” सरकारी नोकराला परवानगीवाचून धंदा करता येत नाही, तेव्हा छपाई आणि विक्री गटाने करायची आणि मी फक्त खेळ द्यायचा, असे ठरले. गटात १२ बायका. शिलकीतले ४२ हजार रुपये काढून त्यांनी ५०० संच छापून आणले, म्हणजे संचामागे ८४ रुपये पडले. त्यांनी मला एकच विचारले होते, “साहेब, खेळ पक्का आहे ना?” मी म्हणालो, “पक्का आहे.”

संच आल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी अध्यक्षाबाईंची सातवीतली नात माझ्याशी खेळायला बसली. तिने सलग तीन डाव मला हरवले. मी विचारले, “काय युक्ती आहे गं?” ती म्हणाली, “युक्ती काय त्यात? निसता कापूस धरायचा. बाकीचं टाकून द्यायचं. तूर पेरायचीच कशाला, काका?”

मी गप्पच झालो. तीस वर्षे गावोगाव फिरून मी काय सांगत आलो? एकाच पिकावर सगळी मदार ठेवू नका, सोयाबीनमध्ये तूर घ्या, चार ओळींना दोन ओळी लावा, एक गेले तर दुसरे हाती लागेल. आणि माझा खेळ त्या मुलीला नेमके याच्या उलट शिकवीत होता! नियमांच्या कागदावर मी मोठ्या अक्षरांत ‘पीक पद्धतीत विविधता ठेवा’ असे छापलेसुद्धा होते. पण कागद वाचतो कोण? जिंकायला जे उपयोगी पडते तेच मूल शिकते. समाजमंदिरात ही खोट दिसली नाही, कारण तिथे मी बाजूला उभा राहून प्रत्येकाला सांगत होतो, “अहो, तूर लावा ना!” लोक माझ्या शब्दाखातर तूर लावीत होते.

अशी चूक फार मोठ्या लोकांच्या बाबतीतही घडलेली आहे. अमेरिकेत लिझी मॅगी नावाची एक बाई होती. लघुलेखिकेची नोकरी करायची. जमीन ज्याच्या नावावर तो भाड्यावर गबर होतो आणि राबणारा राबतच राहतो, हे लोकांना उमजावे म्हणून तिने पटावरचा एक खेळ रचला. जानेवारी १९०४ मध्ये तिला त्याचे पेटंट मिळाले. १९०६ साली तिने आणि तिच्या विचाराच्या मंडळींनी स्वतःच छोटी कंपनी काढून तो प्रसिद्ध केला. खेळाला तिने दोन प्रकारचे नियम दिले होते. एकात संपत्ती वाढली की सगळ्यांना वाटा मिळे. दुसऱ्यात एकाने बाकीच्यांना दिवाळखोर करायचे. लोकांनी दुसराच प्रकार उचलला, कारण त्यात चुरस होती. पुढे त्यातूनच ‘मोनोपॉली’ निघाला. १९३५ साली एका मोठ्या कंपनीने मॅगीबाईंचे पेटंट ५०० डॉलरला विकत घेतले, पुढच्या विक्रीतला वाटा काही दिला नाही. आपल्याकडे ‘व्यापार’ म्हणून जो खेळ घराघरांत गेला, त्याचे मूळ हेच. जमीनदारीचे तोटे शिकवायला निघालेल्या खेळाने चार पिढ्यांना जागा बळकावायला शिकवले. पहिला धडा हा : खेळाच्या पोटात काय आहे ते तुम्ही काय लिहिता यावरून ठरत नाही, जिंकतो कोण यावरून ठरते.

मग मी चांगले खेळ कसे बांधलेले असतात ते पाहू लागलो. जर्मनीत १९९७ साली उवे रोझेनबर्ग या गृहस्थाने घेवड्याच्या शेतीवर पत्त्यांचा एक खेळ काढला. त्याचे नाव ‘बोनान्झा’. त्यात प्रत्येकाला सुरुवातीला दोनच शेते असतात आणि एका शेतात एकाच जातीचा घेवडा. खरी गंमत अशी की हातातले पत्ते पुढेमागे करायचे नाहीत. जो पत्ता आधी आला तो आधी पेरायचा. नको असलेला पत्ता पुढे आला की शेजाऱ्याला देऊन टाकावा, बदल्यात काही घ्यावे, नाहीतर उभे पीक मोडावे लागते. म्हणजे ‘शेजाऱ्याशी देवघेव ठेवा’ असे कुठेही न लिहिता तो नियमच माणसाला देवघेव करायला लावतो.

लांब कशाला, आपल्या सावंतवाडीच्या गंजिफा पाहा. गोल पत्ते, हाताने रंगवलेले. दशावतारी गंजिफांत १० अवतारांचे १० रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा असे १२, मिळून १२० पत्ते. त्यातही एक मौज आहे. अर्ध्या रंगांत दहावा पत्ता मोठा आणि एक्का लहान, तर उरलेल्या अर्ध्यांत एक्का मोठा आणि दहावा लहान. एका रंगात ज्याला किंमत तोच दुसऱ्या रंगात कवडीमोल! शेतकऱ्याला हे सांगायला नको. जो पाऊस हळदीला मानवतो तोच फुटलेल्या कापसाची माती करतो.

गंजिफांकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. त्या छापखान्यातून हजारांनी निघत नसत. जुन्या काळी कापडाला चिंचोक्याची खळ देऊन ते कडक करीत, त्यावर चितारी एकेक पत्ता रंगवी आणि वरून लाखेचा हात देई. सावंतवाडीची ही कला विसाव्या शतकात जवळजवळ बुडाली होती. १९७० च्या दशकात तिथले राजे शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी जुन्या कारागिराकडून ती समजून घेतली, राजवाड्यातच कामाला जागा दिली आणि पुन्हा उभी केली. आजही तिथे हातानेच काम चालते. गिऱ्हाईक पाहून माल, हा त्यांचा हिशेब आहे. ५०० संच एकदम माळ्यावर टाकण्याचा नाही.

आता आमच्या माळ्यावरच्या ५०० संचांचे पुढे काय झाले ते सांगतो. मी गटाच्या बैठकीला गेलो आणि चूक कबूल केली. एक मावशी बोलल्या, “बियाणं उगवलं नाही तर तुम्ही पंचनामा करता. इथं पंचनामा कोणाचा करायचा?” मान खाली घालण्यापलीकडे माझ्यापाशी उत्तर नव्हते. मग नव्याने नियम बसवले. हवामानाचे १० पत्ते बदलायचे ठरले, पण अडचण अशी की नवे पत्ते छापले तर पाठीचा रंग जुन्याशी तंतोतंत जुळणार नाही, आणि पाठीवरूनच पत्ता ओळखू येईल. त्यावर तोड त्या बायकांनीच काढली. “जुळवताच कशाला? निसर्गाची गड्डीच वेगळी ठेवा.” त्यातून खेळ उलट सुधारला. दुरुस्तीला ९ हजार रुपये लागले, ते मी माझ्या खिशातून घातले. बायकांनी एकेक डबी उघडून जुने पत्ते काढले आणि नवे घातले. चार दुपारी गेल्या.

सध्याचा खेळ असा आहे. घरी करून पाहता येईल.

एकूण पत्ते ५४. पिकांचे ४४ : कापूस, सोयाबीन, तूर प्रत्येकी १०, ज्वारी आणि हळद प्रत्येकी ७. निसर्गाचे १० : पावसाचा खंड ३, अतिवृष्टी २, बोंडअळी २, वाफसा ३. खेळणारे तीन ते पाच. प्रत्येकाला पिकाचे पाच पत्ते वाटावेत. प्रत्येकापुढे जमिनीचे दोन तुकडे. ही दोन तुकड्यांची कल्पना मला त्या घेवड्याच्या खेळावरून सुचली. फेरीच्या सुरुवातीला निसर्गाचा एक पत्ता उलटायचा, तो सगळ्यांना लागू. खंड पडला तर शेतातले सोयाबीन गेले, तूर राहिली. अतिवृष्टी झाली तर कापसाच्या प्रत्येक तुकड्यातला एक पत्ता गेला. बोंडअळी आली तर ज्या तुकड्यात कापसाचे तीनपेक्षा जास्त पत्ते आहेत तो सगळा गेला. वाफसा आला तर त्या फेरीत सर्वांना एक पत्ता जास्त लावता येतो. मग आपापल्या पाळीला एक पत्ता उचलायचा, शेजाऱ्याशी हवी तर अदलाबदल करायची आणि एक पत्ता लावायचा. एका तुकड्यात एकच पीक, मात्र सोयाबीन आणि तूर एकत्र चालतात. तुकड्यात तीन पत्ते झाले की काढणी करता येते. भाव बाजारावर अवलंबून. कोणत्याही पिकाची खेळातली पहिली काढणी पत्त्यामागे ५ चिंचोके, दुसरी ४, तिसरी ३, असे उतरत एकपर्यंत. पिकांची गड्डी संपली तर काढलेले आणि गेलेले पत्ते पिसून पुन्हा ठेवावेत. निसर्गाचे दहा पत्ते संपले की हंगाम संपला. ज्याच्यापाशी चिंचोके जास्त तो जिंकला.

आता नुसता कापूस धरणारा कधी जिंकतो, कधी झोपतो. अगदी बांधावरच्यासारखे!

तर ताई, आणि इतर वाचकहो, खेळ छापण्याआधी काय करावे ते क्रमाने सांगतो. नवे वाण शेतकऱ्यापर्यंत कसे येते ते आठवा. विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर निवड होते, मग वेगवेगळ्या ठिकाणी चाचण्या होतात, मग शेतकऱ्याच्या शेतावर. त्यानंतर पैदासकार बियाणे, त्यापासून पायाभूत, त्यापासून प्रमाणित. परभणीच्या विद्यापीठाचे एमएयूएस ७१ सोयाबीन असो की बदनापूरची बीडीएन ७११ तूर, कोणीही पहिल्या वर्षी शंभर क्विंटल बियाणे केले नाही. खेळाचेही तसेच धरा.

पहिली पायरी, घरचा वाफा. जुन्या लग्नपत्रिका कापून एकच संच करा. शिसपेन्सिलीने लिहा, म्हणजे खोडता येते. निदान २० डाव खेळा आणि प्रत्येक डावात कोण जिंकले आणि कशामुळे, ते वहीत टिपून ठेवा. एकच युक्ती वारंवार जिंकत असेल तर खेळात खोट आहे. माझ्या वहीत या नोंदी असत्या तर गटाचे पैसे अडकले नसते.

दुसरी पायरी, परक्या जमिनीतली चाचणी. घरचे आणि पाहुणे तुमच्या प्रेमाखातर वाहवा करतात. तुम्हाला न ओळखणाऱ्या पाच घरांत नियमांच्या कागदासह संच द्या. त्यांना खेळताना पाहा, पण तोंड उघडू नका. जिथे तुम्हाला समजावून सांगण्याचा मोह होईल तिथे नियम अपुरा आहे, असे समजा. नियम एका पानात बसले पाहिजेत. आणि अक्षरओळख नसलेल्या आजीला नुसत्या चित्रावरून खेळता आले पाहिजे.

तिसरी पायरी, कागदाचा हिशेब. नेहमीचा पत्ता ६३ मिलिमीटर रुंद आणि ८८ मिलिमीटर उंच असतो. असे १८ पत्ते ए-३ मापाच्या एका तावात बसतात. म्हणजे ५४ पत्त्यांना बरोबर तीन ताव लागतात आणि ६० केले की चौथा ताव, त्यातला बराच कोरा जातो. पत्त्यांची संख्या ठरवतानाच छापखान्यात जाऊन हे विचारा. सर्व पत्त्यांची पाठ एकाच वेळी छापून घ्या. पहिला नमुना हातात घेऊन एक डाव खेळा, मगच बाकीच्या छपाईला होकार द्या. चित्रे स्वतःची किंवा घरातल्या मुलांची घ्या. दुसऱ्याचे चित्र, दुसऱ्याच्या खेळाचे नाव उचलू नका.

चौथी पायरी, थोडे बियाणे. पहिल्यांदा २० संच करा. संचामागे खर्च जास्त येईल, येऊ द्या. २० विकले गेले आणि घेणारा दुसऱ्यासाठी पुन्हा मागायला आला, तर शंभर. विकले नाहीत तर बुडाले ते सोसण्याइतके असेल. यासाठी कर्ज मात्र काढू नये. दुष्काळात कर्ज फेडायला निदान पीक विमा तरी असतो, न खपलेल्या पत्त्यांना विमा नाही.

आमच्या गटाचा हिशेब लपवीत नाही. आजपर्यंत ३१० संच दीडशे रुपयांप्रमाणे विकले गेले. ४६ हजार ५०० रुपये आले, त्यातून गटाचे ४२ हजार भरून निघाले. वर राहिले साडेचार हजार, म्हणजे प्रत्येकीला ३७५ रुपये. चार दुपारींची मजुरी धरली तर फार नाही. १९० संच अजून माळ्यावर आहेत. गेल्या महिन्यात अध्यक्षाबाईंनी मला पुन्हा बोलावले. म्हणाल्या, “साहेब, हळदीवर एक खेळ करायचा आहे. पण या वेळी आधी नात खेळेल, मग छापू.”

ताई, तुमच्या घरात दोन मुले आहेत. कोणता पत्ता धरला की आपण जिंकतो, हे आधी त्यांना विचारा. म्हशीला वैरण न घालता कोणी जिंकत असेल तर खेळ परत वाफ्यावर न्या. चुकून जमला तर २० संच करा आणि त्यातला एक मला पाठवा. पैसे देऊन घेईन.

पुढच्या अंकात तुरीवरील शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी कामगंध सापळे कधी आणि कसे लावावेत ते पाहू.